मावशीची नोटीस

“मावशी मात्र फार छान मिळाल्या हो तुम्हाला! कुठून आणल्यात?”

धाकटीच्या कारखान्यातल्या मोठ्या मॅडमनी हे विचारलं तेव्हा ताई चहाचा ट्रे घेऊन दिवाणखान्याच्या दारात पोचली होती. धाकटीची छोटी खारू तिच्या गुडघ्याला मिठी मारून मागेमागे घसटत येत होती, ताईच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती, आणि चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं ठेवणीतलं हसू होतं. ते हसू तिनं तसंच धरून ठेवलं. आता धाकटी हसेल... आता म्हणेल, ‘अहो मॅडम, आणलीय कुठून, ही तर माझी सख्खी मोठी बहीण!’... म्हणेलच! न म्हणून सांगते कुणाला?

धाकटीनं ताईकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं, आणि मग समोरच्या बिस्किटांच्या बशीकडे.

“हो ना... नशीबच आमचं,” ती म्हणाली.

“पण रीतसर ठेवलंय ना? करार, सुट्टी, विमा, फंड? नाही, आमच्या पगार खात्याच्या प्रमुखाच्याच घरी दिव्याखाली अंधार नको, म्हणून विचारते हो!”

“छे छे, सगळं अगदी नियमाप्रमाणे आहे, मॅडम.”

ताईनं ट्रे टेबलावर ठेवला. एकही कप वाजला नाही, एक थेंब सांडला नाही, इतक्या सांभाळून तिनं तो ठेवला. पण अंतःकरणात जे सांडलं ते काही केल्या भरून घेता येईना... “साखर किती घालू?” तिनं विचारलं. “एकच चमचा, मावशी,” मॅडम म्हणाल्या. तिनं एकच चमचा घातला.

तसं पाहिलं तर मॅडमची काही चूक नव्हती. ‘मावशी’ हा शब्दच मुळात दुतोंडी! आईची बहीण ती मावशी, आणि पगारावर पोरं सांभाळायला येते तीही मावशीच. खारू दिवसभर ‘माऊशी, माऊशी’ करत मागे फिरते, तर परक्या माणसानं ओळखायचं कसं की ही मावशी कुठल्या अर्थानं? ताईनं उमेदीची सगळी वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली होती. एका शब्दाचे दोन अर्थ होताहेत असं दिसलं की समासात खूण करायची आणि लेखकाला विचारायचं, ‘नक्की काय म्हणायचंय?’ ही सवय तिच्या हाडीमाशी खिळलेली. पण घरातल्या बोलण्याला समास कुठला असायला! तिथे सगळं एकाला एक चिकटून छापलेलं असतं.

आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती, आणि वडिलांचा चेहरा तर तिला आठवतही नव्हता. त्या दिवसापासून ताई तिची बहीण कमी आणि आई जास्त झाली. कॉलेज अर्ध्यावर टाकून ती छापखान्यात चिकटली, धाकटीच्या वेण्या घातल्या, पाढे पाठ करून घेतले, तिच्या तापात उशाशी बसून राहिली. स्वतःला आलेली स्थळं ‘आधी हिचं होऊ दे’ म्हणत परतवली, आणि हिचं झालं तोवर स्थळं यायचीच थांबली होती. त्याची खंत तिनं कधी केली नाही. धाकटी शिकली, मोठ्या कारखान्यात पगार खात्याची प्रमुख झाली, याची कृतार्थता तिला पुरत होती. मग खारू झाली. ‘ताई, सहा महिने फक्त! मी कामावर रुळेपर्यंत...’ असं धाकटी रडवेल्या आवाजात म्हणाली, आणि ताईनं छापखान्यातली जागा सोडली, पलीकडच्या गल्लीतल्या आपल्या एका खोलीच्या घराला कुलूप घातलं आणि खारूच्या पाळण्याशेजारी अंथरूण टाकलं. आता खारूला तिसरं सरत आलं होतं. ते सहा महिने काही अजून संपले नव्हते.

मॅडम गेल्या. लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला, तशी ताई म्हणाली, “धाकटे, मी तुझी कोण गं?”

“ताई, प्लीज! आता तू सुरू करू नकोस. त्या एकदम विचारत सुटल्या, मी गडबडले. बहीण म्हटलं असतं तर आणखी शंभर प्रश्न निघाले असते... बहिणीला राबवून घेते असं वाटलं असतं त्यांना!”

“वाटलं असतं?”

धाकटी बिस्किटांची बशी उचलू लागली.

मग जावईबापू मध्ये पडले. धाकटीला लेकीसारखं वाढवून तिचं लग्न करून दिलं, म्हणून तिच्या नवऱ्याला ताई जावईबापूच म्हणे, आणि त्यांनाही ते आवडे. ते दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपणच बोलत राहायची त्यांना धंद्यातलीच सवय. “ताई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले. “तुम्ही घरच्याच आहात. तुम्हाला इथे काही कमी पडतं का? मागितलं की मिळतंच ना?”

मागितलं की मिळतंच ना!... हे वाक्य कानावर पडलं आणि ताईच्या आत इतके दिवस घडी घालून ठेवलेलं काहीतरी सरसरत उलगडलं.

“मिळतं, जावईबापू. मागितलं की मिळतं! खारू चष्म्यावर बसली त्याला आठवडा झाला, रोज मागतेय, तोही मिळेल. त्याआधी चपला मागितल्या, त्या मिळाल्या. आजारी मैत्रिणीला बघायला जायचं म्हणून भाड्याचे पैसे मागितले, ते मिळाले, आणि वर ‘कधी परत येशील?’ हेही मिळालं! अहो, उभ्या आयुष्यात मी कुणापुढे हात पसरला नव्हता. छापखान्यात महिना भरला की पगार यायचा. मालकाचा मूड बघून मागावा लागायचा नाही. पगार म्हणजे दुसरं काय असतं? जे न मागता मिळतं, ते!”

“अगं, पण बहिणीला पगार?” धाकटी कळवळून म्हणाली. “मला कसं वाटेल याचा विचार केलास? आईला कुणी पगार देतं का?”

“आईला कुणी परक्यांपुढे नोकर म्हणून उभं करतं का?” ताईचा आवाज कापत होता, पण मोडत नव्हता. “चारचौघांत मी तुझी पगारी मावशी, आणि महिनाअखेरीला मात्र सख्खी मावशी! असं दोन्हीकडून नाही चालायचं, धाकटे. एक काय ते ठरव. आणि तुला ठरवता येत नसेल, तर मी ठरवते. आजपासून एक महिन्याची नोटीस!”

“नोटीस?... बहीण कधी नोटीस देते का?”

“बहीण नाही देत. मावशी देते.”

धाकटीही काही कमी नव्हती. ती ताईच्याच हाताखाली वाढलेली. माघार कशी घ्यायची हे त्या घरात तिला कुणी शिकवलंच नव्हतं. “ठीक आहे!” ती पाय आपटत म्हणाली. “आणते मी दुसरी बाई. रीतसर, पगारी, सगळं नियमाप्रमाणे!” आणि खरोखरच तिनं दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू केला.

पुढचे दिवस घरात विलक्षण गेले. दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. जे काही बोलायचं ते खारूमार्फत. “खारू, आईला सांग, दूध संपलंय.” “आई, दूध सपलं!” “खारू, माऊशीला सांग, येताना आणते.” “माऊशी, येताना आणते!” निरोप्याच्या या कामात खारू एवढी रमली, की निरोप नसले तर ती स्वतःच नवे बनवू लागली. “आई, माऊशी म्हणते चॉकलेट आण!” जावईबापूंना हसायलाही चोरी आणि बोलायलाही चोरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, हे दंतवैद्याला प्रथमच कळत होतं.

पण दुपारी खारू झोपी गेली की ताईचं मन पुन्हा पुन्हा डगमगे. ताईच्या कानाची पाळी दोन बोटांत धरल्याशिवाय त्या पोरीला झोप लागत नसे. ती इवलीशी ऊब कानाशी असली की वात्सल्यानं ताईचा जीव गलबलून जाई... राहा की! कुणासाठी हा हट्ट? चष्मा काय, आज ना उद्या मिळेल. लेकरू महत्त्वाचं की मान महत्त्वाचा? आणि मग एकदम आठवे ते ‘नशीबच आमचं’... आणि तिचा कणा आपोआप ताठ होई. नाही! ज्या हातानं हे लेकरू वाढवायचं, तो हात कुणापुढे पसरलेला या लेकरानं बघायचा नाही. मोठी होऊन तीही म्हणेल, माऊशीला काय, मागितलं की मिळतं!

एका दुपारी खारूला कडेवर घेऊन ती आपल्या खोलीवर जाऊन आली. कुलूप गंजलं होतं, खुर्चीवर धुळीचा थर होता. तिनं खिडकी उघडली, खुर्ची पुसली आणि नुसतीच बसून राहिली. “हे कोणाचं घर?” खारूनं विचारलं. “माझं,” ताई म्हणाली. हा शब्द उच्चारून तिला कितीतरी दिवस झाले होते.

नव्या बाईंचं मात्र काही जमेना. पहिली आली, तिच्यापुढे खारूनं वडिलांच्या खणातला प्लास्टरच्या दातांचा साचा आणून आदरानं ठेवला. ती चहा न घेताच गेली. दुसरीला लिफ्टची भीती वाटत होती. मग एका रविवारी सकाळी तिसरी आली. काखेत भली मोठी छत्री, चेहरा शांत, आणि बसण्यात एक प्रकारचा दबदबा. आपण घर बघायला आलोय, घर आपल्याला बघायला बसलेलं नाही, हे तिच्या एकंदर आविर्भावावरून कळत होतं.

ताई स्वयंपाकघरात खारूला भरवत होती. मधलं दार उघडंच होतं. धाकटीचा तो कचेरीतला स्वर तिनं आज पहिल्यांदा ऐकला. स्वच्छ, ठाम, कुठेही न अडखळणारा.

“कामाची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मध्ये दुपारची विश्रांती. जास्त थांबावं लागलं तर त्याचे जादा पैसे. आठवड्याची सुट्टी रविवारी, ती कुठल्याही कारणानं बुडणार नाही. वर्षाच्या भरपगारी रजा, आजारपणाच्या वेगळ्या. पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी थेट बँकेत, सोबत पगारपत्रक. फंडात तुमचा वाटा कापला जाईल, आमचा आम्ही घालू. कामावर असताना दुखापत झाली तर विमा आहे. करार लेखी, एक प्रत तुमच्याकडे. सरकारी कचेरीत तुमची नोंदणीही करणार आहोत.” आणि मग धाकटी किंचित हसून म्हणाली, “हा काही आमचा उपकार नाही हं, तुमचा हक्कच आहे तो.”

ताईच्या हातातला चमचा खारूच्या तोंडापाशीच थांबला... हक्क! किती सहज म्हणाली! मागच्या थंडीत जिन्यात खारूला सावरताना ताईचं मनगट मुरगळलं होतं, महिनाभर सुजलेलं होतं. तेव्हा धाकटीनं मलम आणून दिलं आणि म्हणाली, ‘जप गं ताई, तुला काही झालं तर माझं कसं होईल?’ माझं कसं होईल... तुझं कसं होईल, असं नव्हतं ते. परक्या बाईसाठी एवढा सगळा न्याय जिभेवर तयार, आणि सख्ख्या बहिणीसाठी एक मलमाची डबी! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काय खोटं?

“सगळं ठीक आहे, बाई,” छत्रीवाली म्हणत होती. “पण माझी एक रीत आहे. आधीच्या मावशींशी बोलल्याशिवाय मी घर धरत नाही. कुठे आहेत त्या?”

धाकटी काही म्हणण्याआधीच छत्रीवाली उठून सरळ स्वयंपाकघरात आली. मागोमाग धाकटी येऊन दारात उभी राहिली, आणि तिच्या मागे जावईबापू.

“काय मावशी, घर कसं आहे?”

“चांगलं आहे.”

“आणि पोर?”

“गुणी आहे. झोपताना कानाची पाळी धरते, तेवढी... तेवढी धरू द्यायची.” ताईनं खारूचं तोंड पुसलं.

“पगार वेळेवर होतो?”

दारातल्या धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. एका शब्दाचा अवकाश होता! तो शब्द ताईच्या जिभेच्या टोकाशी आला होता, आणि उच्चारला असता तर एकही अक्षर खोटं ठरलं नसतं. ताईनं धाकटीकडे पाहिलं. शाळेतून खोटं प्रगतिपुस्तक घेऊन आली होती तेव्हा अशीच उभी होती ती... अगदी अशीच!

“या बाईनं कुणाचा पगार एक दिवसानंही थकवल्याचं मी ऐकलेलं नाही,” ताई म्हणाली. कारखान्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं.

“मग तुम्ही का सोडताय?”

“सोडायला आधी कुणीतरी ठेवावं लागतं हो. मला कुणी ठेवलंच नव्हतं.”

छत्रीवालीनं ताईकडे नीट पाहिलं, मग वळून धाकटीकडे पाहिलं. तेच रुंद कपाळ, तीच आठी, खालचा ओठ दातांत धरायची तीच लकब.

“सख्ख्या?”

ताईनं मान हलवली.

“अगं बाई!” छत्रीवालीनं छत्री पुन्हा काखेत मारली. “मग मला नका घेऊ यात. बहिणी-बहिणींच्या भांडणात तिसरीनं पडू नये. उद्या तुमचं दोघींचं गोड होईल आणि मी बसेन रस्त्यावर!”

तिला लिफ्टपर्यंत पोचवायला ताई बाहेर गेली. लिफ्ट खाली गेली, मागे घराचं दार वाऱ्यानं लागलं, आणि त्या बंद दारापुढे ताई क्षणभर एकटीच उभी राहिली. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे! तिनं कमरेचा एप्रन सोडला, घडी घालून हातावर टाकला, केस सारखे केले, दोऱ्यानं बांधलेला चष्मा नाकावर नीट बसवला आणि आपल्याच घराची बेल दाबली.

दार धाकटीनं उघडलं.

“नमस्कार. मूल सांभाळायला बाई हवीय, असं कळलं.”

“ताई, पुरे झालं हे नाटक! आत ये.”

“उमेदवाराला बसायला सांगायची पद्धत असते, बाई.”

आणि ती आत गेली, आणि मघाशी छत्रीवाली बसली होती त्याच खुर्चीत ताठ बसली. इतके दिवस या घरात राहून त्या खुर्चीत ती कधी बसलेली नव्हती. तिची जागा खारूजवळ, सतरंजीवर. जावईबापू काहीतरी बोलायला पुढे सरसावले. “जावईबापू, तोंड हवं तर उघडं ठेवा,” ती म्हणाली, “पण बोलू नका.” ते मुकाट्यानं खारूला मांडीवर घेऊन बसले.

“विचारा,” ताई धाकटीला म्हणाली.

“काय विचारू?”

“तुमच्या खात्यात विचारतात ते. मघाच्या बाईंना विचारलंत ते.”

धाकटीच्या डोळ्यांत हट्ट चमकला. नाटकच करायचंय ना? मग होऊन जाऊ दे! तिनं समोरचं पेन उचललं. “शिक्षण?”

“अर्धवट.”

“अर्धवट का?”

“घरी लहान मूल होतं.”

पेन जागच्या जागी थांबलं. पण धाकटीनं मान वर केली नाही.

“पूर्वीचा... अनुभव?”

“एक मूल वाढवलंय. आई गेलेली पोर होती, सहा वर्षांची. रात्री माझी बाही मुठीत धरून झोपायची. सकाळी मूठ सोडवली तर दचकून उठायची, म्हणून ती आपण होऊन सोडेपर्यंत मी तशीच बसून राहायची. छापखान्यात उशीर व्हायचा, पगार कापला जायचा. पण मूठ मी कधी सोडवली नाही.”

“ते मूल...” धाकटीनं पेन मुठीत आवळलं. “ते मूल आता कुठे असतं?”

“समोर बसलंय. पगार खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणे. त्याचंच शिफारसपत्र आणणार होते... पण त्या दिवशी पाहुण्यांपुढे त्यानं मला ओळखच दाखवली नाही!”

“ताई!...”

पेन कुठल्या कुठे उडालं. धाकटी खुर्चीतून उठली, की कोसळली, तिचं तिलाच कळलं नाही. ताईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडू लागली. ताईचे दोन्ही हात त्या डोक्याकडे धावले... आणि तिनं ते अर्ध्या वाटेत आवरले. मांडीवर घट्ट धरून ठेवले.

“रड,” ती म्हणाली. तिच्याही चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या. “पोटभर रड. पण रडून झालं की लिहायला घे. तुझ्या डोळ्यांतल्या पाण्यावर मी आजवर फार वेळा विरघळलेय, धाकटे. आज नाही विरघळायची!”

“मला कळत नव्हतं असं नाही गं,” धाकटी हुंदक्यांमधून बोलत होती. “रोज तेच काम करते मी, मला कळणार नाही? पण पगार घेणारं माणूस राजीनामा देऊ शकतं. रोज बघते मी... काल हसत बोलणारं माणूस आज राजीनामा ठेवून निघून जातं. आई विचारून गेली का? मला वाटलं, तुला पगार दिला की तू जायला मोकळी होशील. आणि नुसतं नातं ठेवलं, तर तू कधीच... कधीच जाणार नाहीस...”

ताईला वाटलं होतं कंजूषपणा असेल, लाज असेल, मोठेपणाचा गर्व असेल. त्या उपेक्षेच्या पोटी हे असेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं! एवढी मोठी अधिकारी झालेली बाई, आणि आत अजून तीच सहा वर्षांची पोर, बाही मुठीत आवळून पडलेली... आता मात्र तो आवरलेला हात आपसूक धाकटीच्या केसांवर गेला.

“वेडे! आणि म्हणून तू दाराला बाहेरून कडी घातलीस? कडी घातलेल्या घरात माणूस राहत नाही गं, अडकून पडतं. मला जाता येतं, हे तुला दिसू दे एकदा. आणि तरीही येते का, ते बघ.” मग डोळे पुसून ती पुन्हा ताठ झाली. “पण माझ्या अटी आहेत दोन. एक, मघाशी त्या बाईला जे जे म्हणालीस ते सगळं, शब्दाला शब्द. आणि दुसरी, मॅडमना फोन. आत्ता, माझ्यासमोर.”

धाकटी दचकली. “ताई, मी त्यांच्याशी खोटं बोललेय. माझ्या खात्यात असं... माझी नोकरी जाईल!”

“गेली तर मी पोसेन तुला. पूर्वी पोसलंय.”

धाकटीनं फोन लावला. बोलता बोलता तिचा आवाज हळूहळू सरळ होत गेला. “मॅडम, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. त्या मावशी म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. तिनंच मला वाढवलं. आणि नियमाप्रमाणे यातलं काहीही नव्हतं... नाही मॅडम, काहीच नव्हतं. आजपासून करतेय. मागचंही भरणार आहे.” पलीकडून काहीतरी बोलणं झालं, धाकटी “हो... हो मॅडम...” करत राहिली आणि तिनं फोन ठेवला.

“काय म्हणाल्या?”

“उद्या केबिनमध्ये बोलावलंय. लेखी ताकीद देतील बहुतेक.” धाकटीनं नाक पुसलं. “आणि तुझी माफी मागितलीय. साखर एकच चमचा म्हणून तुला हुकूम सोडला, त्याबद्दल.”

“त्यांची नव्हती चूक,” ताई म्हणाली. “आणि हे बघ, मागचं काही नको मला. ते बहिणीनं दिलं होतं. दिलेलं मी परत घेत नाही.”

“असं कसं? मागचा फंड भरावाच लागेल!” धाकटी रडता रडता एकदम कचेरीच्या स्वरात म्हणाली. “तिथे तुझी मर्जी चालत नाही ताई, कायदा आहे!”

“मग भर बापडी! मी कोण कायद्याच्या आड येणारी?”

आणि दोघी एकमेकींकडे बघत, ओल्या चेहऱ्यांनी हसत सुटल्या. “आता बोलू का?” जावईबापूंनी विचारलं.

ताकीद मिळाली, ती धाकटीनं मान खाली घालून घेतली. करार झाला, नोंदणी झाली. ताई आपल्या खोलीवर राहायला गेली. सकाळी आठला येई आणि संध्याकाळी सहाला एप्रन खुंटीला लावून निघे. पहिल्या संध्याकाळी खारूनं दाराशी असा टाहो फोडला की तो ताईला पार खाली रस्त्यापर्यंत ऐकू येत राहिला... पण ती मागे फिरली नाही. महिना भरला, आणि पगार आला. न मागता आला! त्याच संध्याकाळी तिनं स्वतः दुकानात जाऊन, स्वतः निवडून, नवा चष्मा करायला टाकला.

तो नवा चष्मा आल्यानंतरचा पहिला रविवार. ताई उशिरा उठली, खिडकीत बसून पुस्तक वाचलं, त्यातल्या छपाईच्या चुका सवयीनं पेन्सिलीनं खुणावल्या, जुन्या मैत्रिणीकडे जाऊन आली, आणि तिला तिथे कुणी ‘कधी परत येशील?’ म्हणून विचारलं नाही. दुपार कलली. मग ती उठली, कोपऱ्यावरून बिस्किटांचा एक पुडा घेतला आणि धाकटीच्या दारापुढे येऊन बेल दाबली.

दार उघडलं. धाकटीचे केस विस्कटलेले, खांद्यावर खारूनं सांडलेल्या दुधाचा डाग, कडेवर खारू. “माऊशी!” खारू किंचाळली.

“ताई? आज सुट्टी ना तुझी?” धाकटी गोंधळली. “हे बघ, सुट्टीच्या दिवशी काम केलंस तर मला दुप्पट द्यावे लागतील हं!”

“काम करायला कोण आलंय? नोकरीवर उद्या येईन,” ताई म्हणाली. “आज बहिणीकडे आलेय.”

धाकटीनं नुसतं दार सताड उघडलं. जावईबापूंनी लगबगीनं ती खुर्ची पुढे केली, आणि ताई पाहुणीसारखी ऐसपैस बसली. आत भांड्यांचा आवाज झाला, काहीतरी सांडलं, कपाट दोनदा उघडलं आणि मिटलं. थोड्या वेळानं धाकटी चहाचा ट्रे घेऊन आली; गुडघ्याला मिठी मारून मागेमागे खारू घसटत होती, आणि ट्रेमधले सगळे कप वाजत होते.

तिनं ट्रे ठेवला, साखरेचा चमचा उचलला, आणि तो हातात धरून ती तशीच उभी राहिली. इतकी वर्षं ताईनं तिला चहा करून दिला होता. पण ताई स्वतः कसा चहा घेते... हे तिनं आजवर कधी पाहिलंच नव्हतं!

“ताई...” तिचे डोळे पुन्हा भरून आले. “तुला साखर किती लागते गं?”

“दोन चमचे,” ताई म्हणाली. “आणि हे एकदाच सांगतेय हं, धाकटे. पुढच्या वेळी न मागता!”